माझं बॉनेट गरम का होतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. मला चार दारं आहेत, मागे अख्ख्या घराचं सामान मावेल एवढी डिकी आहे, म्हणजे दिसायला मी चारचौघींसारखीच. पण बॉनेटवर हवा ओढायला एक रुंद नाकपुडी आहे आणि पाठीवर एक उंच पंख आहे. तो पंख बघून लहान मुलं थबकतात आणि मोठी माणसं म्हणतात, "हे काय खूळ!" खूळ नव्हे, मंडळी. खानदान आहे ते.

माझ्या सख्ख्या बहिणी शर्यतीत पळायच्या. गुळगुळीत गोल रस्त्यावरच्या नव्हे, तर चिखलाच्या, खडीच्या, जंगलातून डोंगरावर चढणाऱ्या शर्यतीत. त्या शर्यतीचा एक नियम होता. जी गाडी पळवायची असेल, तशाच गाड्या बनवून साध्या लोकांनाही विकल्या पाहिजेत. त्या नियमाच्या कृपेनं माझा जन्म झाला. माझ्या पोटात बहिणींसारखंच इंजिन आहे आणि तसाच टर्बो आहे. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी एक छोटी चक्की. ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते आणि मग मी अशी उसळते की बसलेल्याची पाठ सीटला चिकटलीच म्हणून समजा. शिवाय माझ्या चारही चाकांत जोर आहे, त्यामुळे निसरड्या रस्त्यावरही माझा पाय घसरत नाही. बढाई मारते आहे असं वाटत असेल, तर वाटू द्या. म्हातारपणी एवढी सूट मिळायला हवी.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मला फुलासारखं जपलं, पण पळवलं म्हणून नाही. त्यांच्याकडून मला ज्यानं घेतलं, त्याला सगळी गल्ली 'छोटे सरकार' म्हणायची. श्रीमंत घरातलं लाडावलेलं कार्टं ते! त्यानं मला कर्कश सायलेन्सर बसवला, पोटाखाली निळे दिवे लावले आणि अंगभर आगीच्या ज्वाळा चिकटवल्या. मी शर्यतीच्या घराण्यातली, आणि माझा पार तमाशा केला त्यानं. सुरुवातीला त्याचे मित्र माझ्याभोवती जमून वाहवा करायचे. मग एका वळणावर त्यानं माझं मागचं अंग दिव्याच्या खांबावर घातलं आणि त्याची हौस एका दिवसात फिटली. त्यानं मला घरामागच्या भिंतीशी उभं केलं. टायर बसले, काचांवर शेवाळ आलं, बॉनेटखाली एका मांजरीनं पिल्लं घातली. खरं सांगते, त्या काळात ती पिल्लंच काय ती माझी सोबत होती.

तिथून मला सोडवलं मास्तरांनी. हे मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. ते छोटे सरकारच्या आईला गाडी शिकवायला येत असत. एक दिवस त्यांना मी दिसले आणि ते चालता चालता थांबले. माझ्या चाकाजवळ उकिडवे बसले, बोटानं शेवाळ पुसलं आणि म्हणाले, "अरेरे! पोरी, काय दशा केली गं तुझी!" छोटे सरकारच्या आईनं ते ऐकलं. ती म्हणाली, "मास्तर, हे धूड न्याल तर माझ्यावर उपकार होतील." झाला सौदा! कुणी तपासलं नाही, कुणी घासाघीस केली नाही. मास्तरांनी आयुष्यात जुनी गाडी घेतली ती एवढी एकच, आणि तीही अशी. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

मास्तरांनी मला माणसात आणलं. ज्वाळा खरवडून काढल्या, सायलेन्सर बदलला, खांबावर आपटलेलं अंग नीट केलं. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, घरी पडदे शिवायच्या. त्यांनी जाड पडद्याच्या कापडाची माझ्या सीटला कव्हरं शिवली. आठवडाभर मास्तर स्कूलच्या छोट्या गाडीत बसून घाबऱ्याघुबऱ्या लोकांना क्लच आणि गिअर शिकवायचे. ती गाडी बिचारी गोगलगायीसारखी चालायची. रविवारी सकाळी मात्र मास्तर मला बाहेर काढायचे. दगडाच्या खाणीमागे चढणीचा रस्ता आहे, तिथं आम्ही दोघं जायचो. काकू बरोबर असल्या तर डोळे मिटून बसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, हळू! मला अजून खूप पडदे शिवायचेत." पण हसायच्याही. ती माझी सोन्याची वर्षं होती.

मास्तरांची एक शिस्त होती. शिकणारा येण्याआधी गाडी सुरू करून, गरम करून ठेवायची. ते म्हणायचे, "शिकायला येणारा आधीच घामाघूम असतो. त्यात थंड गाडीनं आचके दिले की त्याचा उरलासुरला धीरही जातो. गाडी तयार पाहिजे, मग माणूस तयार होतो." सबंध कारकीर्दीत त्यांनी कुणाच्या हाती थंड गाडी दिली नाही. त्यांच्या लेखी तो शिष्टाचार होता. घरी आलेल्या माणसाला आपण बसायला खुर्ची पुसून देतो ना, तसा.

मग मास्तरांचे डोळे गेले. एकदम नाही, आणि पूर्णही नाही. नजरेच्या मधोमध एक डाग पडला आणि तो वाढत गेला. कडेचं तेवढं पुसट दिसायचं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. स्कूल बंद झालं, स्कूलची गाडी विकली गेली, आणि मुलीनं दोघांना आपल्याकडे राहायला बोलावलं. तिचं घर एका उंच इमारतीत होतं. तिथं माझ्यासाठी जागा नव्हती. मला विकायचं ठरलं, तेव्हा मास्तर शेडमध्ये येऊन बराच वेळ माझ्या पंखाला टेकून उभे राहिले. मलाही वाईट वाटलं, पण मी समजून घेतलं. चांगल्या घरी दिली गेले तर माझी तक्रार नव्हती.

काकूंनी फोनवर जाहिरात टाकली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिल्यांदा आला बँकेतला एक कारकून, बरोबर मित्र. ते यायच्या आधी मास्तर चाचपडत शेडमध्ये आले, माझ्यात बसले, किल्ली फिरवली आणि मला छान गरम केलं. मग इंजिन बंद करून, हात पुसून दाराशी उभे राहिले. कारकून आला. त्यानं काहीही बघायच्या आधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. मित्राकडे बघितलं. मित्रानंही हात ठेवला. दोघांनी ओठ दुमडले. "छान आहे गाडी. कळवतो हं," असं म्हणून ते निघून गेले. कळवतात कसले! त्यांचा फोन काही आला नाही.

मग आले दोघे भाऊ. बॉनेटवर हात, एकमेकांकडे नजर, "कळवतो." मग आला एक व्यायामशाळेतला दणकट मास्तर. बॉनेटवर हात, भुवया वर, "कळवतो." मला काही उमगेना. माझ्या बॉनेटला काय काटे फुटले होते?

आमच्या मास्तरांनी मात्र आपल्यापुरतं उत्तर शोधलं. ते काकूंना म्हणाले, "मला बघून जातात गं. आंधळ्यानं सांभाळलेली गाडी कोण घेणार?"

"अहो, काहीतरीच काय! गाडी बघायला येतात, तुम्हाला नाही."

"मग गाडी न बघताच का जातात?"

मास्तर खिन्न झाले, पण हट्टीही तेवढेच. आपल्याकडून पाहुणचारात काही कमी पडायला नको, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांनी मला आणखी जास्त वेळ सुरू ठेवलं. त्याच्या पुढच्या वेळी त्याहूनही जास्त. मी शेडमध्ये उभ्या उभ्या भट्टीसारखी तापायची. गिऱ्हाइकांचे तळहात आता बॉनेटला टेकताच मागे यायला लागले आणि माणसं आणखी लवकर पळायला लागली. बरं, मला पळायला आवडतं हो, पण असं उभ्या उभ्या चालू राहणं माझ्या प्रकृतीला सोसत नाही. इंजिनात ठिणगी पाडणारे जे प्लग असतात, त्यांच्यावर काजळी धरू लागली. मला घशात खवखव जाणवत होती, पण सांगणार कोणाला?

अशात एक दिवस कटरवाले भाऊ आले. जुन्या गाड्या कापून त्यांचे सुटे भाग विकणं हा त्यांचा धंदा. ते न कळवताच आले होते, त्यामुळे मी थंड होते. त्यांनी मला सुरू करून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "मास्तर, इंजिन खणखणीत आहे. इंजिन एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला, पंख तिसऱ्याला. सगळं उचललं जाईल. उरलेला पत्रा भंगारात." माणूस वाईट नव्हता. खाटीक बकरीशी प्रेमानं बोलतो, तसं माझ्याशी बोलला. मला मात्र चाकांपर्यंत कापरं भरलं.

मास्तरांनी आठवडाभर टाळाटाळ केली. पण घर सोडायची वेळ जवळ आली, शेड रिकामी करायची होती, गिऱ्हाइकं फिरकेनात. शेवटी त्यांनी शब्द दिला. शनिवारी संध्याकाळपर्यंत गाडी विकली गेली नाही, तर कटरवाल्यांनी न्यावी. शब्द दिल्यावर ते घरात गेले आणि रात्री जेवले नाहीत, असं मी काकूंच्या बोलण्यातून ऐकलं.

शनिवारी सकाळी फोन आला. एका बेकरीवालीला गाडी बघायची होती. पहाटेची भट्टी आणि पाव पोचवायची फेरी आटोपली की दुपारी येते, म्हणाली. ही शेवटची आशा. आणि शेवटची म्हणून मास्तरांनी काय केलं असेल? मला एवढं तापवलं, एवढं तापवलं, की शेडच्या पत्र्याखाली उभं राहवेना. मी मनात ओरडत होते, "अहो मास्तर, पुरे! हेच तर नडतंय!" हो, एव्हाना मला संशय येऊ लागला होता. माणसं पळायची ती बॉनेटला हात लावल्यावरच ना! पण मला तोंड कुठे आहे?

बेकरीवाली आली. कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या, केसांत पिठाचा कण, चाल भराभर. बरोबर तिचा दीर होता. हा दीर म्हणजे फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघून पंडित झालेला. खिशात टॉर्च, हातरुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक, सगळी तयारी. तो तडक माझ्याकडे आला, बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा झटकला. चटका बसलाच होता म्हणा.

"वहिनी, चला," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"चला? आत्ता तर आलो."

"तापलेली आहे. आपण यायच्या आधी मुद्दाम गरम केलीय. थंड असताना काहीतरी खडखडतंय हिच्यात, ते लपवायला. नेहमीची युक्ती आहे. चला, घरी जाऊ."

आता कळलं! मित्रांनो, जुन्या गाडीच्या बाजारात ही पहिली परीक्षा असते. इंजिन थंड असताना सुरू केलं की त्याचे सगळे आजार बाहेर पडतात. गरम झालं की ते दडतात. म्हणून घेणारा आधी हात लावून बघतो. आमच्या मास्तरांनी तर मला न तपासताच घेतलेलं, त्यांना हे कुठून ठाऊक! ते प्रत्येक घेणाऱ्यापुढे आपल्या हातांनी मला चोर ठरवत होते, तेही शिष्टाचार म्हणून!

दीर दाराकडे वळला. मास्तरांना त्याचे शब्द ऐकू गेले नव्हते, पण वळलेली पावलं ऐकू गेली. त्यांचा चेहरा पडला. "कळवतो म्हणा आणि जा," ते कोरडेपणानं म्हणाले. "सगळे तेच म्हणतात."

बेकरीवाली मात्र जागची हलली नाही. तिनं सरळ विचारलं, "मास्तर, गाडी गरम का आहे?"

"म्हणजे?" मास्तर चकित झाले. "थंड गाडी पुढे करू तुमच्या? पाहुण्याला? गाडी शिकवण्यात हयात गेली माझी, आजवर कुणाला थंड गाडी दिली नाही मी! तुम्ही येणार म्हणून मघापासून गरम करतोय."

बेकरीवालीला हसू फुटलं आणि ती हसत हसत म्हणाली, "भावोजी, सांगा यांना."

दिरानं सगळं समजावून सांगितलं, जरा ओशाळतच. मास्तर ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचा हात माझ्या बॉनेटवर आला आणि तिथंच राहिला.

"म्हणजे ते सगळे," ते हळूच म्हणाले, "माझ्या डोळ्यांमुळे नाही गेले?"

"डोळ्यांमुळे?" दीर गोंधळला. "काका, डोळ्यांचं त्यांना कळलंसुद्धा नसेल. ते इंजिनाला घाबरून गेले."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं, ऐकलंस का? मीच! मीच हाकलत होतो एकेकाला!" आणि ते असे हसू लागले की डोळ्यांतून पाणी आलं. काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं मास्तरांचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, तुम्हाला बघून कुणी जात नाही?" मला तेव्हा इतकं हलकं वाटलं, की माझं पुढे काय होणार याचाही थोडा वेळ विसर पडला.

पण गैरसमज मिटला म्हणून परीक्षा टळत नव्हती. मी थंड झाल्यावर कशी सुरू होते, ते बघायचं होतं. तोवर थांबायला हवं होतं. दीर म्हणाला, "एवढी तापलेली निवायला संध्याकाळ होईल, वहिनी. उद्या येऊ."

"उद्या गाडी नसेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कटरवाल्यांना दिलेला शब्द सांगितला.

"मग थांबू," बेकरीवाली म्हणाली आणि उलट्या बादलीवर बसलीच. "मला थांबायची सवय आहे. लहानपणी बाबा मला जंगलातल्या शर्यती बघायला न्यायचे. सकाळपासून टेकडीवर उभं राहायचं आणि गाडी दिसायची किती वेळ? डोळा लवेस्तोवर. धूळ खायची, आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. तेव्हापासून मला अशी गाडी हवीय. नवरा म्हणतो, चार दारं आहेत तर घे, पोरं तरी बसतील. पंख त्याला मी अजून सांगितलेला नाही."

काकूंनी चहा आणला. दिरानं मला बॉनेटपासून डिकीपर्यंत तपासलं. लोहचुंबक अंगभर फिरवलं, ते मागच्या एका जागी चिकटेना. "इथं पत्रा नाही, वरून लेप दिलाय," तो म्हणाला. "दिव्याचा खांब," मास्तर लगेच म्हणाले, आणि छोटे सरकारची कथा सांगून सगळ्यांना हसवलं. चारही टायर एकसारखे आहेत हे पाहून दिरानं पहिल्यांदा मान डोलावली. माझ्यासारखीला चारही टायर सारखे लागतात, नाहीतर आतले गिअर एकमेकांशी भांडतात. टॉर्च घेऊन तो पोटाखाली शिरला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या, पण मी गंभीर राहिले. प्रसंगच तसा होता.

ऊन उतरायला लागलं आणि दाराशी एक मोठा ट्रक येऊन थांबला. गाड्या उचलून नेणारा. कटरवाले भाऊ खाली उतरले, हातात साखळी. माझं बॉनेट अजून कोमट होतं.

मास्तर उठून उभे राहिले. "भाऊ, तुम्ही वेळेवर आलात. मी शब्द दिलाय," ते म्हणाले. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. हसणं संपलं, चहा संपला, आता साखळी.

काकू पटकन पुढे झाल्या आणि त्यांनी घडलेलं सगळं कटरवाल्यांना सांगितलं. ते ऐकता ऐकता साखळी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. शेवटी म्हणाले, "शब्द काय होता, मास्तर? विकली गेली नाही तर. ती विकली जातेय की नाही, ते अजून ठरायचंय. मग मी कसा नेऊ?" त्यांनी साखळी ट्रकमध्ये टाकली आणि तेही एका लाकडी खोक्यावर बसले. "काकू, मलाही चहा द्या. नीट सुरू झाली तर यांची, खडखडली तर माझी. कसं?"

"ठरलं," बेकरीवाली म्हणाली.

आता सगळा भार माझ्यावर. आणि माझ्या घशात तर काजळी साचलेली! शेवटी दिरानं बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाला, "थंड."

बेकरीवाली माझ्यात बसली. किल्ली फिरवली. मी जोर लावला. खर्र खर्र खर्र... आणि काहीच नाही.

कटरवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. काकूंनी मास्तरांचा दंड घट्ट धरला. मास्तर म्हणाले, "पाय काढ एक्सलरेटरवरून. पुन्हा."

पुन्हा किल्ली. खर्र खर्र... फट्! एक ठिणगी लागली. मी खोकले, अंग थरथरलं, काळा धूर सोडला. माझ्या इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी एकात ठिणगी पडेना, मी लंगडत होते. दीर कान लावून वाकला. लंगडतच मी धाप टाकली, आणखी एकदा, आणि मग घसा मोकळा झाला. चौथा सिलिंडरही जागा झाला. आवाज सरळ, एकसारखा, खोल. सुरुवातीला बारीक टिकटिक होती, तीही तेल वर चढल्यावर थांबली.

सगळे दिराकडे बघत होते. त्यानं शांतपणे टॉर्च खिशात घातली. "खडखड नाहीच. लंगडली ती प्लगवरच्या काजळीमुळे. उभ्या उभ्या चालू ठेवली की तसंच होतं. काका, तुमच्या पाहुणचारानं तिला खोकला झालाय, बाकी तिची तब्येत ठणठणीत आहे."

आहाहा! किती दिवसांनी कुणीतरी माझं दुखणं ओळखलं होतं!

मग आम्ही फिरायला निघालो. बेकरीवाली चालवायला, मास्तर शेजारी, दीर मागे. आधी ती मला पावाच्या गाडीसारखी जपून चालवत होती. मास्तरांचा उजवा पाय सारखा पुढे दाबला जात होता. स्कूलच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असायचा ना! इथं नव्हता, तरी पाय ऐकत नव्हता. खाणीमागची चढण आली. मास्तर कान देऊन बसले होते. "आता खालचा गिअर. हां. आता दे पाय. घाबरू नकोस, ही तुला टाकणार नाही." तिनं पाय दाबला. चक्की फिरली, हवा आत घुसली, आणि मी उसळले! उरलीसुरली काजळी धुराबरोबर उडून गेली. वळण आलं, चारही पायांनी मी रस्ता धरला आणि वर चढत गेले. बेकरीवाली ओरडली, "अगं बाई!" आणि मोठ्यानं हसली. मागून दिराचा आवाज आला, "वहिनी, पंखाचं मी दादाला समजावतो. घ्या तुम्ही!"

परत आल्यावर ती किल्ली बंद करणार, तेवढ्यात मास्तरांनी हात आडवा घातला. "थांब. पळून आलीय ती. थोडा वेळ तशीच चालू राहू दे, टर्बोला निवू दे, मग बंद कर." तिनं मान हलवली आणि वाट बघितली. बाहेर कटरवाले ट्रकवर चढत होते. "मास्तर, बरं झालं," ते खिडकीतून म्हणाले. "चालतं इंजिन कापायला हात धजत नाही माझा. धंदा म्हणून करतो, इतकंच." त्यांचा रिकामा ट्रक वळला, कोपऱ्यावरून दिसेनासा झाला आणि मी किती दिवसांनी निवांत झाले.

व्यवहार स्वयंपाकघरात चहाच्या दुसऱ्या फेरीवर झाला. मास्तरांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि ते चटकन खुर्चीवर बसले. आता त्यांच्यापाशी गाडी नव्हती, स्कूल नव्हतं. काकू काही बोलणार होत्या, पण बेकरीवालीच आधी बोलली.

"मास्तर, एक अडचण आहे. मला ही चालवता येत नाही."

"म्हणजे काय? आत्ता तर चालवलीस."

"तुम्ही शेजारी होता म्हणून. मला पावाची गाडी येते. ही शिकायचीय. रविवारी भट्टी बंद असते. मुलीच्या घरून तुम्हाला न्यायला येऊ का? शिकवाल?"

मास्तर म्हणाले, "मला दिसत नाही, बाई."

"मला दिसतं ना," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही, गिअर कधी बदलायचा ते. ते तुम्हाला येतं."

मित्रांनो, या गोष्टीला आता बरेच रविवार लोटले. मी बेकरीच्या मागच्या अंगणात राहते. मला पावाचा वास लागलाय, मागच्या सीटवर पोरांनी चुरा सांडून ठेवलाय, आणि नवऱ्यानं पंखाबद्दल फक्त एवढंच विचारलं, "यावर पाव वाळत घालायचे का?" रविवारी सकाळी आम्ही उंच इमारतीखाली उभ्या राहतो. मास्तर काकूंचा हात धरून खाली येतात, ओठांत शीळ असते, आणि बसल्या बसल्या ओरडायला सुरुवात करतात, "क्लच! अगं क्लच!" बेकरीवालीचे कान लाल होतात आणि मला हसू येतं.

आता म्हातारीचं एक ऐका. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांची काळजी घ्या, तेल बघा, टायर बघा, भिंतीशी उभं करून विसरू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. कुणाचं वागणं तुम्हाला विचित्र वाटलं, तर नुसते एकमेकांकडे बघून, "कळवतो" म्हणून निघून जाऊ नका. कितीजण माझ्या बॉनेटला हात लावून गेले, त्यातल्या एकानं जरी "का?" म्हटलं असतं, तर एक भला माणूस इतके दिवस स्वतःला टाकाऊ समजत बसला नसता. आणि तुमच्याकडून कुणी पाठ फिरवून गेलं, तर मनातच उत्तर ठरवून झुरू नका. त्याच्या मागे जा आणि विचारा. मी शेडमध्ये सगळं बघत होते, पण मला एक शब्द बोलता येत नव्हता. तुम्हाला तर बोलता येतं ना?